राउटरचे पाय पाळण्यात

जितेंद्रचा मेलबर्नहून फोन आला तेव्हा मी चटणीसाठी खोबरं खवत होतो, आणि खवणीवर बसलेल्या माणसाने महत्त्वाचे निर्णय घेऊ नयेत असं माझं तेव्हापासून मत झालं आहे.

"बाबा, बारसं पुढच्या रविवारी करतोय," चिरंजीव म्हणाले. "स्वप्नाली तिथून कॉम्प्युटरवर नाव ठेवेल, आम्ही इथून बघू. तुम्ही दोघांनीही बसायचं समोर. घरी नेट आहे ना?"

"म्हणजे काय!" मी म्हणालो. "फर्स्ट क्लास!"

घरी नेट नव्हतं. एके काळी केबलवाल्याचं होतं. त्याची काळी वायर शेजारच्या बिल्डिंगच्या गच्चीवरून आमच्या खिडकीत येत असे. मग शेजारच्या बिल्डिंगने रंग काढला, रंगाऱ्यांनी वायर कापली, आणि केबलवाला "कल आता हूँ" म्हणून गेला तो गेलाच. लँडलाइनवाल्यांकडे अर्ज दिला होता. तिथून 'आपल्या विभागात पोर्ट उपलब्ध नाही' असं उत्तर आलं. आमच्या मीरा रोडच्या हाटकेशला खाडी आहे, पूल आहे, आणि बंदर मात्र नाही, हे मला सरकारी पत्राने कळलं.

"आणि कनेक्शन नाहीच लागलं," जितेंद्र पुढे म्हणाला, "तरी टेन्शन घेऊ नका. आई आहेतच इथे. त्या सांगतील नाव कानात."

ह्या 'आई' म्हणजे सुनेच्या आई, आमच्या विहीणबाई मनोरमाबाई. बाळंतपणासाठी त्या आधीच तिकडे पोचल्या होत्या. माझी बायको सुचेताही जाणार होती, पण तिच्या पासपोर्टच्या चौकशीला आलेला हवालदार आमच्या 'न्यू साईदीप'ऐवजी मागच्या गल्लीतल्या 'साईदीप'मध्ये गेला. ह्या नावाची बाई इथे राहत नाही असा शेरा लिहून तो मोकळा झाला. आमच्या भागात तीन साईदीप आहेत. त्यामुळे नात जन्मली तेव्हा एक आजी मेलबर्नमध्ये होती आणि दुसरी कागदोपत्री अस्तित्वातच नव्हती.

फोन स्पीकरवर होता. सुचेताने स्वयंपाकघरातून सगळं ऐकलं होतं.

"मनोरमाबाई नाव ठेवणार?" ती पदराला हात पुशीत बाहेर आली. "त्यांनी ठरवलंय काय माहितेय? झियाना! हे नाव आहे की खोकल्याचं औषध? नाव ठेवायचा मान आत्याचा. ते काही नाही. तुम्ही फर्स्ट क्लास म्हणालात ना? मग करा आता फर्स्ट क्लास."

स्वप्नाली, म्हणजे आमची धाकटी, बाळाची एकुलती एक आत्या. तिने नाव ठरवलं होतं, पण सांगत नव्हती. "आत्या नाव कानातच सांगते," एवढंच म्हणायची. सुचेताने तिला पुरणपोळीची लाच देऊन पाहिली. पोळ्या गेल्या, नाव नाही आलं.

तेव्हा प्रश्न असा होता. मी आयुष्यभर विमा कंपनीत जोखीम मोजण्याचं काम केलं. लोकांच्या आगी, अपघात आणि पडझडी मी डोळ्याची पापणी न लववता पाहिल्या. पण त्या संध्याकाळी खवलेल्या खोबऱ्याकडे बघताना माझ्या छातीत जे धडधडायला लागलं ते बारसं होईपर्यंत थांबलं नाही. आग विमा काढून भागवता येते, पण आजीच्या तोंडचं बारसं गेलं तर त्याची भरपाई कुठल्याच पॉलिसीत नसते.

दुसऱ्या दिवशी मी काशीमिऱ्याला मोबाईलच्या गॅलरीत गेलो. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो, तेव्हा मोबाईलच्या दुकानाला गॅलरी म्हणायची पद्धत होती. चित्रं मात्र कुठेच नसायची. काउंटरवरच्या मुलीने माझ्यासमोर एक पांढरी डबी, म्हणजे राउटर, ठेवली.

"सर, इसमें सिम डालने का, प्लग लगाने का, घर में वायफाय चालू."

"वायर कुठे आहे?"

"वायर नहीं है सर. वही तो बात है."

बिनवायरीच्या गोष्टीवर माझा विश्वास नाही. जे दिसत नाही ते बिघडलं तर धरायचं कुठे? पण रविवार जवळ येत होता. मी मान हलवली, आणि तिने ॲड्रेस प्रूफ मागितलं.

मुंबईतून मीरा रोडला आलेल्या मराठी माणसाकडे नेमकं तेवढंच नसतं. आमचं रेशन कार्ड अजून गिरगावात होतं. लाइटचं बिल बिल्डरच्या नावावर होतं, आणि बिल्डर दुबईत होता. सोसायटीचं पत्र चालेल असं ती म्हणाली. म्हणजे सेक्रेटरी भूपेशभाईंकडे जाणं आलं.

भूपेशभाई कापडाचे व्यापारी. सोसायटीचा कारभार ते ताग्यासारखाच करतात, आधी मोजतात आणि मग कापतात. त्यांनी पत्र लगेच दिलं, पण मला बसवून घेतलं.

"गुणवंतभाई, ये वायफाय खुला नहीं रखने का हाँ. हालत देखते हो ने आजकाल? कोई नीचे गाडी में बैठ के आपके नेट से ईमेल डालेगा. फिर पुलिस किसके घर आएगी? तमारे घर. पासवर्ड लगाओ. और सेफ्टी के लिए सोसायटी में बता के रखो."

त्यांच्या पत्नी हंसाबेन चहा घेऊन आल्या. "ने भाईसाहेब, वो डिब्बे में से किरण निकलते हैं. मेरे भाई के घर लगाया तो पूरी बरनी छूंदा बिगड गया."

पोलीस आणि कैरीचा छुंदा अशी दुहेरी काळजी घेऊन मी घरी आलो. स्वप्नालीने डबी जोडली, सिम घातलं, पासवर्ड लावला. पासवर्ड मी सुरक्षेच्या कारणास्तव भूपेशभाईंना सांगितला. त्यांनी तो सुरक्षेच्या कारणास्तव नोटीस बोर्डावर लावला. 'सर्व सभासदांस कळविण्यात येते की फ्लॅट ४०३ यांच्या वायफायचा पासवर्ड खालीलप्रमाणे असून तो कोणीही बाहेरच्या व्यक्तीस सांगू नये.' वर पाण्याची टाकी साफ करण्याची सूचना होती, त्यामुळे माझी नजर त्या दिवशी टाकीपलीकडे गेलीच नाही.

आता रेंज. हॉलमध्ये डबीचा दिवा लाल. बेडरूममध्ये लाल. देवघरात ठेवली तर क्षणभर हिरवा झाला, पण सुचेताने उदबत्ती लावताच परत लाल. शेवटी घरात एकच जागा अशी सापडली जिथे हिरवा दिवा ठरत होता. ती म्हणजे बाथरूममधल्या गीझरवरची. तिथून व्हेंटिलेटरमधून दूर डोंगराकडचा कुठलासा टॉवर डबीला दिसत असावा. मी एक्स्टेन्शन बोर्ड ओढला, डबीला प्लॅस्टिकची पिशवी घातली आणि आंघोळीवर निर्बंध जाहीर केले. बादलीत पाणी हळू सोडायचं, गीझर लावायचा नाही, आणि बाथरूममध्ये गाणं म्हणायचं नाही. शेवटच्या अटीला शास्त्रीय आधार नव्हता, पण स्वप्नालीचा आवाज मला ठाऊक आहे.

शुक्रवारी आम्ही रंगीत तालीम घेतली. लॅपटॉप स्वप्नालीच्या ऑफिसचा. हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या, सुचेता नवं पातळ नेसून बसली. घंटा वाजली, पडदा काळा झाला, मग त्यावर चौकोन चौकोन उमटले, आणि त्या चौकोनांतून एक एवढंसं गुलाबी पाऊल दिसलं. जितेंद्रने कॅमेरा बाळाकडे नेला असावा. पाऊल दिसलं आणि चित्र तिथेच गोठलं. आवाज गेला, जितेंद्र गेला, पाऊल तेवढं राहिलं.

आमच्या नातीचं पहिलं दर्शन हे असं झालं. कॉल तुटल्याचं लॅपटॉप सांगत होता, पण सुचेता उठेना. ती त्या पावलाकडे पाहत राहिली. मग तिने बोट पुढे केलं आणि पडद्यावरच्या अंगठ्याला हळूच लावलं. मी काहीतरी विनोद करायला तोंड उघडलं होतं, ते मिटून घेतलं. मला फार वाईट वाटलं. मी उठलो, बाथरूममध्ये गेलो आणि त्या डबीपुढे चक्क हात जोडले.

शनिवारी सकाळी डबी हिरवी, पण लॅपटॉप ढिम्म. एक साधं पान उघडायला कितीही वेळ लागेना का, पण ते शेवटी उघडलंच नाही. मोबाईलवर संदेश आला, की आपला वेगवान वापराचा कोटा संपला असून आता वेग कमी करण्यात येत आहे. महिनाभराचा कोटा चार दिवसांत? आम्ही तर फक्त एक पाऊल पाहिलं होतं!

खाली उतरलो तेव्हा जिन्यात उलगडा झाला. दुसऱ्या मजल्यावरचे लोक सिनेमे उतरवत होते. पहिल्या मजल्यावर कुणाची तरी परीक्षेची व्हिडिओ व्याख्यानं चालू होती. आणि हंसाबेन, किरणांवाल्या हंसाबेन, लॅपटॉपवर राजकोटचं प्रवचन ऐकत होत्या. मला बघून म्हणाल्या, "गुणवंतभाई, बहु सरस नेट छे तमारूं. छूंदा को भी कुछ नहीं हुआ!"

मी नोटीस बोर्ड पाहिला. पासवर्ड पाहिला. भूपेशभाईंना तिथेच गाठून बोलायचं होतं, पण सेक्रेटरीशी भांडलं की पाण्याची वेळ बदलते. म्हणून घरी येऊन कस्टमर केअरला फोन लावला. हीच माझी मोठी चूक. मी गप्प बसलो असतो तर निदान मुंगीच्या पावलाने का होईना चाललं असतं.

"सर, मी आपली काय मदत करू शकते?" पलीकडची मुलगी गोड होती. मी तक्रार सांगितली. ती म्हणाली, "एक मिनिट सर, आपले डिटेल्स बघते." मग की-बोर्डचा टकटक आवाज. मग शांतता. विमा कंपनीत ही शांतता आम्हीच क्लेमवाल्यांना ऐकवत असू, त्यामुळे पुढे काय येणार ते मला कळलं.

"सर, आपलं व्हेरिफिकेशन निगेटिव्ह आलंय. आमचा माणूस पत्त्यावर जाऊन आला. तिथे आपण राहत नाही."

"मी राहतो! आत्ता इथूनच बोलतोय!"

"सर, न्यू साईदीप ना? तिथे चारशे तीनमध्ये दुसरी फॅमिली आहे."

"अहो, ते साईदीप! मी न्यू!"

"सॉरी सर. माझ्या लक्षात आलं म्हणून मला सिम बंद करावं लागेल. आपल्याला आणखी काही मदत हवी आहे का?"

गीझरवरचा दिवा लाल झाला. मी जिथे अठरा वर्षं गणपती बसवतो, जिथल्या भिंतीत माझ्या हातचे खिळे आहेत, तिथे आम्ही राहत नाही हे आता पोलीस आणि एक कंपनी एकमुखाने सांगत होते. माणसाचा अपमान किती पदरी असू शकतो!  सुचेता भांडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त नवं पातळ घडी करून कपाटात ठेवलं, आणि म्हणाली, "झियाना तर झियाना. मूल सुखरूप आहे ना, बास."

हे ऐकून मी खाली जाऊन कंपाउंडमध्ये फेऱ्या मारू लागलो. तिथे रामनाथ पाटील भेटले.

रामनाथ पाटलांबद्दल थोडं सांगायला हवं. आमची बिल्डिंग ज्या भातशेतीवर उभी आहे ती त्यांची. बिल्डरने त्यांना खालचे दोन गाळे दिले होते. ते भाडं घ्यायला येत, आणि येताना खाडीकाठच्या वरसावे गावाहून कधी भाजी तर कधी जिताडा मासा घेऊन येत. गळ्यात जाड साखळी, पायात स्लिपर. बाकी माणूस एकदम सरळ. मी काही विचारायच्या आत त्यांनीच विचारलं, "काय गुनवंतराव, तोंड उतरलाय. घरान कोन आजारी हाय का?"

मी सगळं सांगितलं. पाऊल, पासवर्ड, छुंदा, न्यू साईदीप.

"हात्तिच्या!" ते म्हणाले. "यवड्यासाटी? माज्याकडं सिम हाय ना, नेटचा. पोरांनी घेतलेला, कपाटान पडलाय. माजे नावावर हाय. माजा पत्ता कोन चुकवंल? वरसावं, पाटलाचा घर. आज्या होता तवापासून तोच पत्ता. आनि टॉवर तर माज्याच गच्चीव हाय! तुमी उद्या सगले माज्या घरी या. गच्चीव बसून करा बारसा."

मला भरून आलं. त्याचबरोबर टॉवरचं ऐकून धडधड वाढली, कारण हंसाबेनचे किरण अजून डोक्यात होते. पण टॉवरच्या पायथ्याशी रेंज नाही असं कधी ऐकलंय कुणी?

मी तरी तोवर ऐकलं नव्हतं.

रविवारी सकाळी आम्ही तिघं डबी, लॅपटॉप, एक्स्टेन्शन बोर्ड आणि पेढे घेऊन वरसाव्याला पोचलो. पाटलांचं घर पुलाच्या अलीकडे, खाडीच्या वाऱ्यावर. गच्चीवर चढलो आणि मी थांबलो. मधोमध लोखंडी छपराच्या आडव्या बारला एक जुना सागवानी पाळणा टांगलेला होता. त्याला झेंडूच्या माळा, मोगऱ्याचे गजरे. आत दुपट्यात गुंडाळलेला वरवंटा. बाजूला घुगऱ्यांचं पातेलं. रामनाथरावांच्या पत्नी पुष्पलतावहिनी हिरव्या लुगड्यात उभ्या होत्या.

"बाल तिकडं हाय, ता माना म्हाईत हाय," त्या सुचेताला म्हणाल्या. "पन पालना इकडं नको? पालन्याबिगर बारसा कंचा?"

सुचेताने त्यांचे दोन्ही हात धरले. दोघींची ही पहिलीच भेट, पण बायकांना ओळख करून द्यावी लागत नाही.

स्वप्नालीने रामनाथरावांचं सिम डबीत घातलं. लाल. ती डबी टॉवरच्या खांबाशी नेली. लाल. वर बघितलं तर तो अजस्र टॉवर आमच्या डोक्यावर उभा, सगळ्या घोडबंदर रोडला रेंज वाटतोय, आणि आमच्या वाट्याला शून्य. स्वप्नाली म्हणाली, "बाबा, टॉवर लांब फेकतो. अगदी खाली पोचत नाही." दिव्याखाली अंधार ही म्हण मी शाळेत पाठ केली होती. तिचा असा प्रात्यक्षिकासह अनुभव येईल असं वाटलं नव्हतं. तिकडे मेलबर्नमध्ये पाहुणे जमले असतील, मनोरमाबाई झियानासाठी घसा साफ करत असतील, आणि इकडे मी टॉवरखाली घामाघूम.

"अहो, ही डबी धरा जरा," सुचेता म्हणाली. तिच्या हातात हळदीकुंकवाचं तबक होतं. माझ्या हातात वायरी. शेवटी तिने वैतागून डबी पाळण्यात, वरवंट्याशेजारी ठेवली, आणि धक्क्याने पाळणा हलला.

"हिरवा!" स्वप्नाली ओरडली.

पाळणा कठड्याकडे झुकला की दिवा हिरवा. मागे आला की लाल. पुढे हिरवा, मागे लाल. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात हे ठाऊक होतं, पण राउटरचेही तिथेच दिसतात हे त्या दिवशी कळलं. तो पाळण्यात सुखी होता, पण पाळणा पुढे झुकलेलाच राहिला तर.

रामनाथरावांनी पुढे होऊन पाळण्याची कड दोन्ही हातांनी धरली आणि कठड्याकडे ओढून उभे राहिले. "लावा फोन!"

फोन लागला. पडद्यावर मेलबर्न आलं. जितेंद्र झब्ब्यात, सून पैठणीत, तिच्या मांडीवर नात, पूर्ण नात, पाऊल, डोकं, मुठी सगळं असलेली. सुचेताच्या तोंडून हुंदका आला आणि तोच हसण्यात मिसळला. मनोरमाबाईंनी नमस्कार केला. मी कडक चेहऱ्याने परत केला.

पुष्पलतावहिनींनी आणि सुचेताने इकडे वरवंटा उचलला. पाळण्याच्या खालून आणि वरून, कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या, सुरू झालं. तिकडेही बायका पाळण्याभोवती जमल्या. डबी मात्र पाळण्यातच, हिरवी. रामनाथरावांच्या कपाळावरच्या शिरा फुगल्या होत्या. भरीव सागवानी पाळणा होता तो, ओढून धरायचं सोपं नव्हे. मला दर क्षणी वाटत होतं, आता सुटेल, आता सुटेल. मी त्यांच्या चेहऱ्याकडे आणि डबीच्या दिव्याकडे आळीपाळीने बघत होतो, त्यामुळे माझ्या नातीचं बारसं मी असं बघितलंच नाही.

"आत्याबाई, नाव!" तिकडून मनोरमाबाई म्हणाल्या. "तुम्ही सांगा, मी ऐकते आणि बाळाच्या कानात तेच सांगते. मान तुमचाच."

हे ऐकून सुचेताने माझ्याकडे पाहिलं. आम्ही दोघंही जरा ओशाळलो.

स्वप्नाली लॅपटॉपवर वाकली. तोंडाशी हात धरला. "कुर्रर्रर्र..."

आणि रामनाथरावांचा एक हात घसरला.

पाळणा मागे आला. लाल. नेमक्या त्याच क्षणी स्वप्नालीने आठवडाभर जपलेलं नाव कुजबुजलं. "चांदणी." आम्ही ऐकलं, वरसाव्याने ऐकलं, मेलबर्नने नाही. तिकडे सगळे तोंडं उघडी ठेवून गोठलेले. रामनाथराव बायकोला ओरडले, "पुष्पलता! धर!" आणि वहिनींनी झेप घेऊन पाळणा पुढे ढकलला. हिरवा.

पण धाप लागलेले रामनाथराव अजून ओरडतच होते. "पुष्पलता!"

कुर्रर्रच्या पाठोपाठ हे दुसरं पुष्पलता स्पष्ट, स्वच्छ, बिनखरखरीचं मेलबर्नला पोचलं. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मनोरमाबाईंचा चेहरा आधी चमकला, मग विरघळला, मग त्या बाळाच्या कानाशी वाकल्या. "कुर्रर्रर्र... पुष्पलता!"

"नाही! थांबा!" मी ओरडलो.

वहिनींचे हात थकले. पाळणा मागे आला. लाल. तो काही परत हिरवा झाला नाही, कारण एक्स्टेन्शनची पिन ओढली जाऊन बाहेर आली होती.

 स्वप्नाली मटकन खाली बसली. रामनाथराव आपल्या हातांकडे बघत होते. "आयला," ते हळूच म्हणाले, "माजी चूक झाली." पुष्पलतावहिनी पाळणा धरून तशाच उभ्या. त्यांना काय झालं ते कळलं होतं, आणि लाजेने त्यांनी पदर तोंडावर घेतला होता.

मी हिशेब मांडू लागलो. नाव कानात सांगितलं की सांगितलं. ते परत कसं घ्यायचं? आणि मेलबर्नच्या शाळेत त्या पोरीने पुष्पलता म्हणून जायचं? तिथले गोरे लोक काय म्हणतील? तोच सुचेताचा मोबाईल वाजला. मेलबर्न.

"सुचेताताई," मनोरमाबाईंचा आवाज भिजलेला होता. "खरं सांगू? मला वाटलं होतं तुम्ही काहीतरी फॅशनेबल ठेवाल. म्हणून मीही एक शोधून ठेवलं होतं, कबूल करते. पण पुष्पलता ऐकलं आणि अंगावर काटा आला. जुन्या वळणाचं, घरातलं वाटलं. तुमच्या सासूबाईंचं का? की आईंचं?"

सुचेताने माझ्याकडे पाहिलं. माझ्या आईचं नाव सुभद्रा. मी मानेने नाही म्हणत होतो, म्हणजे खरं सांग, आत्ताच सांग, अजून वेळ आहे. मग सुचेताने पुष्पलतावहिनींकडे पाहिलं. त्यांच्या हातात अजून वरवंटा होता, आणि गजऱ्यातली एक कळी लुगड्यावर पडली होती.

"हो," सुचेता म्हणाली. "आमच्या घरातल्याच माणसाचं."

झालं. त्या दिवसापासून माझ्या झोपेचा विमा संपला. कारण दोनच दिवसांनी जितेंद्रचा मेल आला, की बाबा, घरातल्या ह्या जुन्या पुष्पलताबाई मला आठवत नाहीत, पण त्यांचा फोटो असेल तर पाठवा, बाळाच्या खोलीत लावू. मी म्हटलं हरवला म्हणून कळवू. सुचेता म्हणाली, एक खोटं पुरे, दुसरं कशाला? आणि तिने वहिनींचा बारशाच्या दिवशीचा फोटो पाठवून दिला. हिरवं लुगडं, गजरा, मागे टॉवरचा पाया. ह्यात खोटं कुठे आहे ते मला आजही सापडलेलं नाही, आणि खरं कुठे आहे तेही.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही पुन्हा वरसाव्याला गेलो. आमचं सिम अजून 'राहत नाही' ह्याच अवस्थेत होतं. रामनाथरावांनी ह्या वेळी तयारी केली होती. पाळण्याला दोरी बांधून ती कठड्याला घट्ट आवळली होती, पिनेला चिकटपट्टी लावली होती. डबी पाळण्यात हिरवीगार. पुष्पलतावहिनी कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर, सुचेताच्या पायाशी बसल्या. पोर बघायची होती त्यांना, पण आपण दिसायचं नाही असं त्यांनीच ठरवलं होतं.

फोन लागला. चित्र असं स्वच्छ, की बाळाच्या खोलीची भिंतही दिसत होती. भिंतीवर पुष्पलतावहिनींचा फोटो होता. फोटोला चंदनाचा हार होता. पुढे निरांजन जळत होतं.

 आम्ही त्या बाईच्या घरात बसून, तिच्या नवऱ्याचं सिम वापरून, तिलाच स्वर्गवासी करून दाखवत होतो! मी डबीकडे पाहिलं. एवढे दिवस जिच्या हिरव्या दिव्यासाठी हात जोडले, तिला मनातल्या मनात म्हटलं, आता हो लाल. एकदाच हो. ती झाली नाही. त्या दिवशी नेटवर्क असं उभं होतं की पुन्हा कधी तसं दिसलं नाही. शेवटी मी प्लगकडे हात नेला.

माझं मनगट कुणीतरी धरलं. पुष्पलतावहिनी होत्या. त्या आपल्याच फोटोकडे, हाराकडे, निरांजनाकडे बघत होत्या. मग नजर खाली बाळाकडे आली, आणि तिथेच राहिली.

"ऱ्हाव दे," त्या पुटपुटल्या. "पोर बगू दे माना."

तिकडे मनोरमाबाईंनी बाळाला उचललं, कॅमेऱ्यासमोर धरलं आणि लाडाने हाक मारली, "पुष्पलता! ए पुष्पलता!"

आणि चौकटीबाहेरून, कुणाला काही कळायच्या आत, आयुष्यभराच्या सवयीने उत्तर गेलं.

"ओ!"

 जितेंद्रने भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. मनोरमाबाईंनीही पाहिलं. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा सुचेता उठली होती, आणि लॅपटॉप दोन्ही हातांत धरून तिने तो पुष्पलतावहिनींकडे वळवला होता.